नीलाबेनचं रुसलेलं मशीन

सकाळी दूध तापत ठेवलं होतं आणि फोन वाजला. पलीकडे हंसाबेन होत्या, बडोद्याला अकोट्यात माझ्या भावाच्या, अण्णाच्या, खालच्या मजल्यावर राहणाऱ्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला इंदूरला कधी फोन केला नव्हता, त्यामुळे त्या पुढे काही बोलायच्या आतच मला कळलं. "सुधाबेन, तमे आवी जाओ," त्या म्हणाल्या आणि मग माझ्यासाठी म्हणून मराठीत, "भाई गेले हो." अण्णा सकाळी उठला असावा, कारण लाकडी दार उघडलेलं होतं आणि नुसती जाळी लावलेली होती. त्याची ती रोजचीच रीत. जिन्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे आवाज घरात यावेत म्हणून तो दिवसभर दार उघडं ठेवायचा. पण पेपर बाहेरच पडून होता. हंसाबेननी दोन-तीन हाका मारल्या, मग त्यांच्या मुलाने जाळीतून हात घालून कडी काढली. अण्णा पलंगावर होता, चष्मा उशाशी घडी करून ठेवलेला... दार उघडून तो पुन्हा जरा आडवा झाला असेल. तेवढंच.

आता काही आठवडे उलटून गेले आहेत. माझा भाऊ कोणी प्रसिद्ध माणूस नव्हता. श्रीकांत हे त्याचं नाव घराबाहेर त्याच्या गिऱ्हाइकांनाच माहीत होतं. आमचे पणजोबा संस्थानच्या पागेत होते, वडील कचेरीत कारकून आणि अण्णा मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात. वीज मोजायची मीटरं आणि पॅनेलं तिथे बनत. कंपनीची बस अकोट्याच्या नाक्यावर यायची, डबा घेऊन तो तिच्यात चढायचा आणि संध्याकाळी त्याच बसने परत. पुष्पावहिनी होत्या तोवर त्या घराला आवाज होता. त्या मोठ्याने बोलायच्या, मोठ्याने हसायच्या, भाजीवाल्याशी खिडकीतूनच वाद घालायच्या. मूलबाळ झालं नाही. पुढे त्यांना दुखणं लागलं आणि एका उन्हाळ्यात त्या गेल्या. त्यानंतर अण्णा जो गप्प झाला तो झालाच. मुळात तो कमी बोलणारा, पण आधी त्याच्या गप्प बसण्यात कुणीतरी बोलत असायचं.

मग ते दिवस आले, बाहेरून माल यायला लागला तेव्हाचे. अण्णाच्या कारखान्यात जे पॅनेल चार माणसं आठवडाभर जोडायची, ते परदेशातून खोक्यात घालून तयार यायला लागलं. आधी ओव्हरटाइम गेला, मग एक पाळी गेली. बस बंद झाली ते अण्णाला आधी कळलं, कारखाना बंद झाला ते नंतर. नाक्यावर डबा घेऊन उभा राहिला आणि बस आलीच नाही, एवढंच त्याने मला फोनवर सांगितलं. मी घाबरून म्हटलं, "अण्णा, तू इथे ये. आमच्याकडे राहा." तो म्हणाला, "बघू." अण्णाचं 'बघू' म्हणजे नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

काही महिन्यांनी दिवाळीत मी बडोद्याला गेले, तर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर एक कॉम्प्युटर उघडून ठेवलेला. फतेगंजमध्ये त्याच्या एका जुन्या सहकाऱ्याने कॉम्प्युटर जोडून विकायचं दुकान काढलं होतं, आणि अण्णा तिथे दुरुस्तीला लागला होता. त्याआधी कुठल्याशा क्लासमध्ये, निम्म्या वयाच्या पोरांबरोबर बाकावर बसून तो शिकून आला होता. मला त्यातलं काही कळत नव्हतं. हिरव्या पट्ट्या, तारा, एक पंखा. मी विचारायचं म्हणून विचारलं, "ह्यातली मेमरी कुठली?" त्याने बोटाएवढ्या रुंदीची एक पट्टी दाखवली. मी म्हटलं, "मग आपण जे लिहितो ते सगळं ह्यात राहतं?"

"नाही. ते त्या डब्यात," हार्ड डिस्ककडे बोट करून तो म्हणाला. "ते फडताळ. हा ओटा. स्वयंपाक करताना लागेल तेवढं फडताळातून काढून तू ओट्यावर मांडतेस ना, तसं. काम चालू आहे तोवर ओट्यावर. वीज गेली की ओटा साफ."

"आणि ओटा लहान असला तर?"

"तर बाई कितीही चपळ असू दे. एक डबा ठेवायचा तर दुसरा उचलावा लागणार. सगळा वेळ उचल-ठेव करण्यात जातो. लोक म्हणतात मशीन म्हातारं झालं. मशीनला काही होत नाही. ओटा पुरत नाही."

इतकी वाक्यं अण्णाच्या तोंडून सलग मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. म्हणून मी मुद्दाम आणखी विचारत राहिले. तो खुलला. मशीनची वायर भिंतीतून काढलेली आहे ना हे पाहून त्याने मला खिडकीच्या गजाला हात लावायला लावला. अंगातली वीज तिथे सोडून द्यायची, नाहीतर नुसत्या स्पर्शाने पट्टी मरते आणि मेलेली दिसतही नाही. मग पट्टी कडेने धरायची, सोनेरी दातांना बोट लावायचं नाही. पट्टीच्या खालच्या बाजूची चीर आणि मशीनमधल्या हिरव्या पाटावरच्या खाचेतला उंचवटा जुळवायचा. तो जुळला की ती उलटी बसूच शकत नाही. मी पट्टी खाचेत ठेवली आणि हात थबकला.

"दाब," अण्णा म्हणाला.

"मोडेल रे."

"मोडत नाही. घाबरून दाबलं तर अर्धवट बसते, आणि अर्धवट बसलेलीचाच त्रास जास्त. दोन्ही अंगठ्यांनी, सरळ."

मी दाबलं. टक असा आवाज झाला आणि दोन्ही टोकांचे पांढरे चाप आपोआप उभे राहून पट्टीला धरून बसले. "बसली," तो म्हणाला. त्याला जो आनंद झाला तो पाहून मला उगीचच रडू आलं. मी चहा करायला म्हणून आत गेले.

त्यानंतर आमच्या फोनवरच्या बोलण्याला विषय मिळाला. दर रविवारी मी फोन करायची. माझ्या घरच्या गोष्टी मी सांगायची आणि तो मशीनच्या बिघाडांच्या सांगायचा. त्याच्याकडे दुसरं सांगण्यासारखं काही घडतच नव्हतं. कुणाचं मशीन मधेच निळा पडदा दाखवून बसलं, कुणाचं सुरूच होईना. सुरू न होणाऱ्या मशीनची शिटी नीट ऐकायची, म्हणायचा. लांब लांब शिट्या आल्या आणि पडद्यावर काही आलं नाही, की बहुतेक मेमरी. ती काढायची, दात साध्या खोडरबरने हलक्या हाताने पुसायचे, परत बसवायची. दोन पट्ट्या असतील तर एकेक करून लावून पाहायची, मग खाच बदलून पाहायची. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची, सुधा. दोन बदलल्या आणि चालू झालं, तर कशाने झालं ते कळत नाही." ह्याच रविवारच्या फोनमध्ये नीलाबेनचं नाव पहिल्यांदा आलं.

नीलाबेन फतेगंजला राहायच्या, सैन्याच्या वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान फार पूर्वी वारलेले, एकुलता मुलगा अमेरिकेत. त्यानेच आईला ईमेल करता यावं म्हणून कॉम्प्युटर घेऊन दिला होता. लहानपण मराठी शेजारात गेल्यामुळे त्या मराठी छान बोलायच्या, मात्र गुजराती हेलात. "श्रीकांतभाई, मशीन परत रिसायलं," असा त्यांचा फोन यायचा. रिसायलं म्हणजे रुसलं. अण्णा जायचा. लांब शिट्या, काळा पडदा. मेमरी काढायची, पुसायची, बसवायची, चालू. पंधरवडा-महिना गेला की पुन्हा तेच. अण्णाने पट्टी बदलली, खाच बदलली. एकदा ते मशीन स्कूटरवर बांधून घरी आणलं आणि दोन दिवस सतत चालू ठेवलं, एकदाही अडलं नाही. परत नेऊन दिलं, तर थोड्याच दिवसांत फोन. "असा बिघाड मी पाहिला नाही," तो मला म्हणायचा. जेवतानासुद्धा तेच डोक्यात. घरातल्या ओलीमुळे असेल, रस्त्यावरून जड ट्रक जातात त्यांच्या हादऱ्यामुळे असेल... मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला दाखवायला सांग. त्यावर त्याने विषयच बदलला.

पुढच्या वेळी मी बडोद्याला गेले तेव्हा संध्याकाळी आम्ही गॅलरीत बसलो होतो. अण्णा एकदम म्हणाला, "नीलाबेनच्या मशीनचा बिघाड सापडला."

"काय होतं?"

"ह्या वेळी झाकण उघडलं तर दोन्ही चाप उघडे होते." मला कळलं नाही हे पाहून त्याने दोन्ही अंगठे हवेत दाबून दाखवले. "हादऱ्याने पट्टी सैल होईल. चाप उघडत नाहीत. दोन्ही बाजूंनी कुणीतरी दाबल्याशिवाय नाहीच."

"म्हणजे त्या स्वतःच..."

"माझं बघून बघून शिकल्या असणार. एरवी चाप परत लावून ठेवत असतील. ह्या वेळी विसरल्या."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? बसवली. तोवर त्यांचा चहा झाला होता."

मी हसायला लागले, पण तो हसत नव्हता. थोड्या वेळाने म्हणाला, "फार एकटी बाई आहे, सुधा." आणि गॅलरीच्या कठड्यापलीकडे बघत राहिला. दिवसभर दार उघडं ठेवून जिन्याचे आवाज ऐकणारा माझा भाऊ हे मला सांगत होता.

मी हट्ट धरला की मला त्यांना भेटायचं आहे. आणि गेलोच आम्ही, अण्णा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. नीलाबेन उंच, सडपातळ, पांढऱ्यावर बारीक निळी नक्षी असलेली साडी. पुदिना आणि लीलीचहा, म्हणजे गवती चहा, घालून केलेला त्यांचा चहा, बरोबर घरच्या खरपूस भाजलेल्या हांडव्याची वडी. पण मला आठवतो तो अण्णा. तो त्या घरात शिरला आणि वेगळाच झाला. सवयीने चप्पल एका ठराविक कोपऱ्यात काढली, आत जाऊन स्वतःच पाणी घेतलं. कारखान्यातल्या एका साहेबाची नक्कल करून दाखवली. मी माझ्या भावाला नक्कल करताना जन्मात पाहिलं नव्हतं. बोलता बोलता पुष्पावहिनींचाही विषय निघाला आणि तो सहज म्हणाला, "ती असती तर तुमच्या हांडव्यात मीठ कमी आहे म्हणाली असती." नीलाबेन म्हणाल्या, "ते तुम्ही मागच्या वेळी पण म्हणालात." म्हणजे इथे वहिनींचं नाव निघत होतं. माझ्याजवळ त्याने त्या गेल्यापासून ते घेतलं नव्हतं.

परतताना विश्वामित्रीच्या पुलावर स्कूटर ट्रॅफिकमध्ये अडकली. मी मागून म्हटलं, "अण्णा, काम नसतानाही येत जाईन, असं सरळ सांग ना त्यांना."

मग मान अर्धी वळवून म्हणाला, "आणि त्या म्हणाल्या, कशाला? तर मग जायचं कसं?"

पुढची गाडी हलली.

पण तो माझं बोलणं विसरला नव्हता. त्यानंतरच्या एका रविवारी त्याने मला सांगितलं, की नीलाबेनचा फोन आला नव्हता, तरी तो जाऊन आला. मेमरीची आणखी एक पट्टी घेऊन गेला. "ओटा वाढवून दिला," म्हणाला. "मुलाचे फोटो येतात, फार हळू उघडायचे." मी विचारलं, "त्या काय म्हणाल्या?" तो म्हणाला, "म्हणाल्या, बरं झालं आलात." आणि फोनवर हसला. तो हसू शकतो हे तोवर मला माहीत झालं होतं, तरी मी घड्याळाकडे, खिडकीकडे कुठेतरी बघत ते हसणं ऐकून घेतलं. त्यानंतर ते मशीन फारसं रुसलं नाही. अण्णा ठरल्यासारखा जायचा. कधी उंदीर अडकतो म्हणून, म्हणजे टेबलावरचा माउस, कधी जिन्नस आणून द्यायला, कधी नुसताच. दोन-तीन वर्षं अशी गेली असतील. त्याच्या आयुष्यातली वहिनींनंतरची चांगली वर्षं म्हणाल तर तीच.

मग मुलाने आईला कायमचं तिकडे न्यायचं ठरवलं. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पडली, झडली तर बघायला कोण? नीलाबेननी अण्णाला बोलावलं. तो गेला तेव्हा भांडी खोक्यांत भरली जात होती. त्या म्हणाल्या, "श्रीकांतभाई, एक विचारू? ह्या मशीनचं काय करू? काढून टाकू, की इथेच राहू दे?"

अण्णाने मला हे सांगितलं तेव्हा मी फोन घट्ट धरून विचारलं, "तू काय म्हणालास?"

"म्हटलं, अजून दोन-तीन वर्षं चालेल. पण पुढे सुटे भाग मिळायचे नाहीत."

"अण्णा... त्यांनी मशीनचं विचारलं असं वाटतं तुला?"

फोनमधून मला जिन्यावरून कुणीतरी उतरत असल्याचं ऐकू आलं. "राहा म्हणायला मी कोण, सुधा?" तो म्हणाला. "मुलगा आहे. नातवंडं आहेत." आणि मग नेहमीसारखं, "चल, ठेवतो."

नीलाबेन गेल्या. आयुष्यभर दुसऱ्यांची मशीनं जोडणाऱ्या अण्णाच्या घरात स्वतःचं मशीन नव्हतं, ते त्या गेल्यावर त्याने जोडलं. रोमन लिपीत, मराठी-गुजराती मिसळून त्यांची पत्रापत्री चालायची. कधी कधी तो मला फोनवर वाचून दाखवायचा. तिकडचा बर्फ, नातवाची शाळा, मंदिर गाडीशिवाय गाठता येत नाही वगैरे. एकदा त्याने एकच ओळ वाचली. 'Ithlya machine la kahich hot nahi, Shrikantbhai.' इथल्या मशीनला काहीच होत नाही. मग तो म्हणाला, "नवीन असतात ना तिकडची." आणि आम्ही दुसरं काहीतरी बोललो.

फतेगंजचं दुकानही पुढे बंद झालं. लोक लॅपटॉप घ्यायला लागले, बिघडलं की बदलायला लागले. अण्णा एकटा होता तसा एकटा राहिला. मी बोलवायची, तो 'बघू' म्हणायचा.

दिवसकार्य आटोपल्यावर नीलाबेनना कळवायचं माझ्यावर आलं. अण्णाच्याच मशीनसमोर बसले, पण ईमेल माझ्या नावावरून पाठवली. त्याच्या नावाने पत्र आलेलं त्यांना दिसावं आणि त्यांनी ते हौसेने उघडावं, हे माझ्याने होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णाच्या घरचा फोन वाजला. तिकडे संध्याकाळ असेल. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "नीलाबेन, रडून घ्या."

"नाही, मी बरी आहे," त्या म्हणाल्या. मग, "सुधाबेन, त्यांना माहीत होतं का हो?"

काय, ते मी विचारलं नाही. "होतं," मी म्हटलं. "एकदा तुम्ही चाप उघडे ठेवलेत ना, तेव्हापासून."

"ते मुद्दाम ठेवले होते." त्यांचा आवाज फाटला. "म्हटलं, आता तरी विचारतील. मी काय उत्तर द्यायचं तेपण ठरवून ठेवलेलं... आणि ह्यांनी गुपचूप लावून दिली पट्टी. म्हणाले, चहात आज आलं जास्त आहे."

आम्ही दोघी पुढे काही बोललो असू, पण ते मला आठवत नाही.

मी निघायच्या आदल्या दिवशी दारात इस्त्रीवाला आला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. हातात अण्णाचे शर्ट, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. त्याला कळल्यावर तो जिन्यातच टेकून बसला. हंसाबेन वर आल्या, त्यांनी त्याला पाणी दिलं. मी म्हटलं, घरातच असणाऱ्या माणसाला इतके इस्त्रीचे शर्ट कशाला लागायचे? हंसाबेन जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "रोज संध्याकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून भाई त्या कॉम्प्युटरसमोर बसायचे. वर येता-जाता दारातून दिसायचे ना. मी विचारायची, 'भाई, क्यांय जवानुं छे?' कुठे जायचंय का? तर म्हणायचे, 'ना, ना. घरे ज छुं.' घरीच आहे म्हणून."

इस्त्रीवाला गेला. मी शर्ट उलगडले, दारामागच्या खुंटीवर एकावर एक अडकवले. दुसऱ्या दिवशी घराला कुलूप लावताना ते काढून कुणाला द्यावेत असं मनात आलं, पण दिले नाहीत. अजून ते तिथेच आहेत.